जयपूरचे मंडप आणि त्यांच्या जागा

जयपूरच्या दक्षिणेला टोंक रोड आणि बी-टू बायपास यांच्या लगत, विमानतळापासून जवळच, सुमारे शंभर एकरांचा एक मोकळा पट्टा आहे. सरकारी दप्तरात ही औद्योगिक जमीन आहे आणि ती रीको, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाच्या ताब्यात आहे. आसपासच्या वस्त्यांत तिला ‘डोल का बाढ’ म्हणतात. या जागी ‘राजस्थान मंडपम्’ नावाचे भव्य संमेलन केंद्र उभारण्याचे सरकारने ठरवले आणि त्यातून शहरात जो वाद पेटला, तो वरवर पाहता झाडे विरुद्ध इमारत असा दिसतो. जयपूरमधील प्रदर्शनांचा दीडशे वर्षांचा इतिहास चाळला की वादाचे मूळ आणखी खोल असल्याचे लक्षात येते. या शहराने प्रत्येक पिढीत लोक जमवण्यासाठी एक नवी जागा शोधली. ती बहुतेक वेळा शहराच्या कडेला होती, आणि तिची किंमत पैशापेक्षा जमिनीत अधिक चुकवली गेली.

सवाई जयसिंगाने १७२७ मध्ये वसवलेल्या शहरात प्रदर्शनासाठी वेगळी जागा राखलेली नव्हती. तिची गरजही नव्हती. नऊ चौकड्यांच्या आखणीत रुंद सरळ रस्ते होते, ते जिथे छेदतात तिथे चौपडी होत्या आणि रस्त्यांच्या दुतर्फा एकसारखी दुकाने होती. तीज आणि गणगौर यांच्या मिरवणुका आजही याच रस्त्यांनी निघतात. मिरवणूक रस्त्यावरून येते आणि निघून जाते. दुसऱ्या दिवशी तिथे पुन्हा बाजार भरतो. माल पाहायचा तर जौहरी बाजारात जावे, खडे पारखायचे तर गोपालजीच्या रस्त्यावर वळावे. सगळा बाजारच प्रदर्शन होता, आणि कारागीर त्याच्या मागच्या गल्लीत राहत होता.

एकोणिसाव्या शतकात ही घडी बदलली. सवाई रामसिंग दुसरे यांच्या काळात परकोट्याबाहेर, म्हणजे जुन्या शहराच्या तटबंदीबाहेर, दक्षिणेच्या बाजूला, रामनिवास बाग आखली गेली. १८६८ च्या सुमारास दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून हे बांधकाम काढले गेले. कारागिरांना शिक्षण देणारी कलाशाळाही याच दशकातली. ६ फेब्रुवारी १८७६ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स आल्बर्ट एडवर्ड यांच्या हस्ते बागेत एका इमारतीचा पाया घातला गेला. तिचे काय करायचे हे मात्र ठरलेले नव्हते. ती नगरभवन व्हावी असे काहींना वाटत होते, तर तिथे वस्तुसंग्रहालय करावे असे इतरांचे मत होते. आधी कोनशिला आणि मग उपयोग हा क्रम या शहरात तेव्हापासूनचा आहे.

त्या इमारतीचा आराखडा सॅम्युएल स्विंटन जेकब यांचा. तिच्या उपयोगाचा प्रश्न सोडवला तो थॉमस होल्बाइन हेंडली या डॉक्टरने. हेंडली जयपूरच्या रेसिडेन्सीचे शल्यचिकित्सक होते, पण त्यांचा जीव रमला तो मिनाकारी, पितळकाम, गालिचे आणि मातीची भांडी यांत. त्यांच्या पुढाकाराने सवाई माधोसिंग दुसरे यांच्या आश्रयाखाली १८८३ मध्ये जयपूर प्रदर्शन भरले. आल्बर्ट हॉल अजून बांधून व्हायचा होता, म्हणून प्रदर्शन हवामहलाजवळच्या ‘नया महाल’मध्ये मांडले गेले. त्याच्या स्मृतीसाठी हेंडली यांनी चार मोठे सचित्र खंड प्रसिद्ध केले. हस्तकलेच्या अभ्यासकांना ते आजही लागतात.

या प्रदर्शनामागचा विचार समजून घ्यायला हवा, कारण पुढच्या प्रत्येक प्रकल्पात तोच विचार निराळ्या शब्दांत येतो. कारागिराला उत्तम नमुने दाखवावेत, त्याच्या हाताला चांगले वळण लागावे, आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाला जयपूरचा माल एका छताखाली पाहता यावा, असा हेतू होता. प्रदर्शनातील अनेक वस्तू नंतर संग्रहालयाच्या मालकीच्या झाल्या. आल्बर्ट हॉल १८८७ मध्ये खुला झाला. हिशोबाने पाहिले तर हे प्रदर्शन स्वस्तात पडले. तयार महाल वापरला, त्यासाठी कोणाची वस्ती उठली नाही, आणि पाहुणे गेल्यावर वस्तू शहरात राहिल्या. नया महाल पुढे सवाई मानसिंग टाउन हॉल झाला, १९५२ पासून जवळपास पन्नास वर्षे तिथे राजस्थानची विधानसभा भरली, आणि या शतकाच्या सुरुवातीला ती ज्योतीनगरच्या नव्या इमारतीत गेली.

दुसरा मोठा मेळा राजकीय होता. डिसेंबर १९४८ मध्ये पट्टाभि सीतारामय्या यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन जयपूरला भरले. स्वातंत्र्यानंतरचे हे पहिले पूर्ण अधिवेशन. जयपूर संस्थानचे राजस्थानात विलीनीकरण व्हायला तेव्हा तीन महिने उरले होते. शहराच्या दक्षिणेला, मोकळ्या माळावर, तंबूंचे नगर उभे राहिले आणि त्याला गांधीनगर नाव मिळाले. मराठी वाचकाला इथे फैजपूर आठवेल. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातल्या त्या गावी काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन झाले. नंदलाल बोस यांच्या देखरेखीखाली बांबू, चटया आणि गावातल्या साहित्यातून ‘टिळकनगर’ उभे राहिले. अधिवेशन आटोपल्यावर ते उतरवले गेले. जयपूरच्या गांधीनगरचे तसे झाले नाही. तंबू गेले तरी नाव राहिले. पुढे तिथे सरकारी अधिकाऱ्यांची वसाहत झाली, रेल्वेस्थानकालाही तेच नाव मिळाले. शहराची कड दक्षिणेला सरकली.

ती याच दिशेला का सरकली, याचे उत्तर भूगोलात आहे. उत्तरेला आणि पूर्वेला नाहरगड, आमेर आणि झालाना यांच्या डोंगररांगा आहेत. वाढायला जागा होती ती दक्षिणेला आणि पश्चिमेला. मिर्झा इस्माईल १९४२ ते १९४६ या काळात जयपूरचे दिवाण होते. त्यांच्या कारकिर्दीत परकोट्याबाहेर ‘ए’पासून ‘ई’पर्यंतच्या वसाहती आखल्या गेल्या. त्यांतली सी-स्कीम आज शहराच्या महागड्या भागांपैकी एक आहे. स्वातंत्र्यानंतर विद्यापीठ, बापूनगर, मालवीयनगर अशी रांग दक्षिणेकडे लागली. संमेलनाच्या जागाही याच वाटेने गेल्या. १९६३ मध्ये रामनिवास बागेच्या आवारात रवींद्र मंच उभा राहिला. नंतर स्टॅच्यू सर्कलजवळ बिर्ला सभागृह झाले, आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी जवाहरलाल नेहरू मार्गावर जवाहर कला केंद्र. चार्ल्स कोरिया यांनी या केंद्राची आखणी जयसिंगाच्या नगररचनेतून घेतली: नवग्रहांचे नऊ चौरस आणि त्यांतला एक जागेवरून सरकवलेला. लागूनच असलेल्या शिल्पग्रामच्या मोकळ्या मैदानात हातमागाचे आणि हस्तकलेचे मेळे भरतात. तिथे दालनापेक्षा मोकळे आवारच अधिक वापरले जाते, हे पुढच्या वादासाठी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

शहराच्या पोटात गर्दी जमवली की काय होते, हे जयपूर साहित्य महोत्सवाने दाखवून दिले. २००६ मध्ये तो डिग्गी पॅलेसमध्ये लहान प्रमाणावर सुरू झाला. ही हवेली सी-स्कीमच्या कडेला शिवाजी मार्गावर आहे आणि सवाई मानसिंग रुग्णालय जवळ आहे. पाहता पाहता महोत्सव लाखोंच्या गर्दीचा झाला. जानेवारीतले पाच दिवस अरुंद रस्ते, शाळांच्या बसगाड्या, पाहुण्यांची वाहने आणि रुग्णवाहिका एकाच वाटेवर येऊ लागल्या. वाहतुकीच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत राहिल्या आणि २०२२ मध्ये महोत्सव जवाहरलाल नेहरू मार्गावरील क्लार्क्स आमेर हॉटेलात हलला. त्याची मजा कमी झाली असे म्हणणारे रसिक पुष्कळ भेटतात. डिग्गी पॅलेसच्या शेजाऱ्यांपैकी तसे म्हणणारे किती असतील, हे सांगणे अवघड नाही.

मोठ्या व्यापारी प्रदर्शनांची सोय तोवर आणखी दक्षिणेला, परकोट्यापासून पंधरा-सोळा किलोमीटरवरच्या सीतापुऱ्यात झाली होती. सीतापुरा हे रीकोचे औद्योगिक क्षेत्र. तिथे निर्यात उद्योगांसाठी पार्क झाले, रत्ने आणि दागिन्यांसाठी विशेष आर्थिक क्षेत्र आले. २९ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी याच भागातल्या इंडियन ऑइलच्या डेपोत पेट्रोलची गळती होऊन प्रचंड स्फोट झाला आणि आग कित्येक दिवस धुमसत राहिली. वस्त्या खाली कराव्या लागल्या, आजूबाजूचे कारखाने आणि वसतिगृहे उद्ध्वस्त झाली. औद्योगिक क्षेत्राच्या भोवती माणसे किती दाट राहू लागली होती, हे त्या रात्री प्रशासनाला उमगले. सीतापुरा ओसाड कड राहिलेला नव्हता.

याच सीतापुऱ्यात रीकोच्या जमिनीवर खासगी भागीदारीतून जयपूर एक्झिबिशन अँड कन्व्हेन्शन सेंटर उभे राहिले. लोक त्याला जेईसीसी म्हणतात. मोठी बिनखांबी दालने, गाड्यांसाठी ऐसपैस जागा, नंतर आवारात आलेले हॉटेल. नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘रिसर्जंट राजस्थान’ ही गुंतवणूक परिषद इथे भरली, ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘इन्व्हेस्ट राजस्थान’, ९ ते ११ डिसेंबर २०२४ या काळात ‘रायझिंग राजस्थान’, आणि मार्च २०२५ मध्ये आयफा पुरस्कारांचा पंचविसावा सोहळा. सरकारे बदलली, परिषदेचे नाव बदलले, जागा तीच राहिली. दागिन्यांचे डिसेंबरातले प्रदर्शन आणि दगडाच्या उद्योगाचे ‘स्टोनमार्ट’ यांनाही हे केंद्र मानवले. म्हणजे ज्याला मोठे संमेलन केंद्र म्हणतात ते जयपूरला होते. तरीही राज्याच्या २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात ‘राजस्थान मंडपम्’ची घोषणा झाली. जुलै २०२४ मध्ये तो मांडताना अर्थमंत्री दिया कुमारी यांच्यासमोर दिल्लीचा नमुना होता. प्रगती मैदानातील भारत मंडपम् आदल्या वर्षी, २६ जुलै २०२३ रोजी, सुमारे २,७०० कोटी रुपये खर्चून सुरू झाले होते. ‘आपल्याकडेही तसे हवे’ हा युक्तिवाद भारतातल्या राजधान्यांत लवकर पसरतो.

मंडपम्‌साठी निवडलेल्या जमिनीचा इतिहास या साऱ्या कहाणीत सर्वांत रंजक आणि सर्वांत कमी सांगितला जाणारा भाग आहे. १९७९ मध्ये राज्य सरकारने सांगानेर तहसिलीतील झालाना चौड, झालाना डूंगर आणि दुर्गापुरा या गावांतली सहाशेपेक्षा जास्त बिघे जमीन औद्योगिक विकासासाठी संपादित करण्याची अधिसूचना काढली. खातेदार शेतकरी होते. दुर्गापुऱ्याची शेती तेव्हा शहराला भाजीपाला पुरवत होती. संपादनाचा निवाडा व्हायला १९८४ उजाडले. या दरम्यान घरबांधणी सहकारी संस्थांनी खातेदारांशी परस्पर करार केले होते आणि आपली जमीन संपादनातून सोडवावी म्हणून त्यांनी न्यायालये गाठली. जयपूरच्या दक्षिणेतल्या पुष्कळ वसाहतींचा जन्म अशाच करारांतून झाला आहे. शेत, सोसायटीचा पट्टा, मग नियमित करण्याची मागणी, हा क्रम तिथे सर्वांना पाठ आहे.

१९८८ मध्ये यांपैकी १०५ एकर जमीन रीकोने डायमंड अँड जेम डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. तिथे रत्नउद्योगाची वसाहत उभी राहायची होती. कल्पना वाईट नव्हती. रामगंज, घाटगेट या परकोट्यातल्या भागांत खडे कापणारे कारागीर अंधाऱ्या खोल्यांत सराणीवर वाकून काम करत. त्यांच्यासाठी हवेशीर वसाहत आणि व्यापाऱ्यांसाठी निर्यातीची सोय असे चित्र रंगवले होते. हेंडलींच्या काळातला कारागीर इथे पुन्हा हजर झाला. पण बायपासवरून वसाहतीत शिरायच्या रस्त्यापासून कंपनी आणि रीको यांच्यात वाद सुरू झाले, काम रेंगाळले, आणि १९९६ मध्ये रीकोने वाटप रद्द केले. खटला चालत राहिला. १२ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रीकोच्या बाजूने निकाल दिला. त्याच दिवशी एका घरबांधणी संस्थेच्या मागणीवरचा निकालही रीकोच्या बाजूने लागला.

संपादनापासून निकालापर्यंत तीन तपांच्या आसपास काळ गेला. एवढ्या काळात जमिनीवर कुंपण होते, मालकीचा निकाल नव्हता, म्हणून कोणी काही बांधले नाही. शेती बंद पडली. खेजडी, नीम, बाभूळ आणि पुष्कळ विलायती बाभूळ आपोआप वाढली. पाणी साचणाऱ्या जागी पक्षी आले. भोवताली दुर्गापुरा, सांगानेर, प्रतापनगर आणि मालवीयनगर सिमेंटने भरत गेले आणि मधे हा हिरवा तुकडा राहिला. तिथे जंगल कोणी लावले नाही. न्यायालयातल्या तारखांनी ते वाढवले.

निकालानंतर त्या जागेवर कल्पनांची रीघ लागली. अशोक गेहलोत यांच्या सरकारने तिथे फिनटेक पार्कची घोषणा केली. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात राज्याराज्यांत ‘युनिटी मॉल’ उभारण्याची योजना आली. प्रत्येक जिल्ह्याचे खास उत्पादन आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तू तिथे विकायच्या, आणि खर्चासाठी राज्यांना केंद्राकडून दीर्घ मुदतीचे बिनव्याजी कर्ज मिळणार. राजस्थानचा युनिटी मॉल याच जमिनीवर ठरला. त्याच्या बाजूला राजस्थान मंडपम्. सरकार काँग्रेसचे असो वा भाजपचे, नकाशावरच्या या तुकड्याकडे सर्वांनी रिकामा भूखंड म्हणूनच पाहिले, हे नमूद करायला हवे. झाडांच्या बाजूने बोलणे विरोधी बाकावर बसल्यावरच सुचते.

मंडपम्‌च्या खर्चाची मांडणी नीट पाहिल्याशिवाय वाद कळत नाही. हे काम केंद्र सरकारच्या एनबीसीसी या बांधकाम कंपनीकडे देण्याचे ठरले. दिल्लीच्या प्रगती मैदानाचे कामही तिनेच पाहिले होते. २०२५ मध्ये समोर आलेला आकडा सुमारे ३,७०० कोटींचा आणि क्षेत्र ९५ एकरांचे. एवढी रक्कम राज्याच्या तिजोरीतून द्यायची नाही. प्रकल्प ‘स्वयंपूर्ण’ आहे असे सांगितले जाते. त्याचा अर्थ असा, की संमेलनगृहाच्या भोवती कार्यालयांचे मनोरे, हॉटेले, दुकाने आणि निवासी इमारती बांधायच्या, त्या विकायच्या, आणि त्या पैशातून संमेलनगृहाचा खर्च भागवायचा. दिल्लीत सरोजिनीनगर आणि नौरोजीनगरच्या सरकारी वसाहतींचा पुनर्विकास याच पद्धतीने झाला आणि त्यातही एनबीसीसी होती.

कागदावर हा व्यवहार फायद्याचा दिसतो, कारण त्यात जमिनीची किंमत जवळपास शून्य धरलेली असते. जमीन आधीच सरकारची, मग तिला किंमत कसली, असा हिशोब. १९७९ च्या खातेदारांना मिळालेला भाव आणि आज त्याच जागेवर विकल्या जाणाऱ्या चौरस फुटाचा भाव यांतला फरक कुठल्याच रकान्यात येत नाही. ज्या उद्दिष्टासाठी, म्हणजे उद्योगासाठी, जमीन सक्तीने घेतली ते बाजूला पडून तिथे निवासी मनोरे येणार असतील, तर मूळ सार्वजनिक उद्दिष्टाचे काय, हा प्रश्न झाडांच्या घोषणांमध्ये दबून गेला आहे. खरे तर तोच अधिक टोचणारा आहे. संमेलनगृह हा प्रकल्पाचा चेहरा आहे. त्याचे शरीर बांधकाम व्यवसायाचे आहे.

२०२५ च्या मध्यावर युनिटी मॉलच्या भागात यंत्रे शिरली आणि विरोध रस्त्यावर आला. आसपासचे रहिवासी, पक्षीनिरीक्षक, विद्यार्थी आणि निवृत्त माणसे सकाळच्या फेरीची जागा वाचवायला जमू लागली. जवळपास अडीच हजार झाडे आणि ऐंशीहून अधिक जातींचे पक्षी असल्याचे आंदोलकांचे म्हणणे आहे. सरकार आणि रीको यांची भूमिका अशी, की ही जमीन महसुली नोंदीत कधीही वन नव्हती, ती औद्योगिक आहे, झाडे बहुतांशी आपोआप उगवलेली आहेत आणि तोडली तितकी किंवा जास्त दुसरीकडे लावली जातील.

कायद्याच्या दृष्टीने दोन्ही बाजूंना आधार सापडतो. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात १२ डिसेंबर १९९६ रोजी सांगितले, की वन म्हणजे केवळ नोंदीतले वन नव्हे, शब्दकोशातल्या अर्थाचे वनही त्यात येते, मालकी कोणाचीही असो. पण अशी वने कोणती हे राज्यांनी ठरवायचे होते आणि शहरातले असे तुकडे त्या याद्यांत क्वचितच शिरले. दुसरा निकाल राजस्थान उच्च न्यायालयाचा. पत्रकार गुलाब कोठारी यांच्या पत्रावरून उभ्या राहिलेल्या याचिकेत १२ जानेवारी २०१७ रोजी न्यायालयाने मोठ्या शहरांच्या विकास आराखड्यांत हरित आणि मोकळ्या जागांचा वापर मनमानीने बदलू नये असे बजावले. डोल का बाढ आराखड्यात हिरवा नसल्याने हा निकाल तिथे थेट लागू होत नाही. हिरवी जागा असणे आणि हिरवी जागा म्हणून रंगवलेली असणे, या दोहोंत शहरनियोजनाच्या कागदावर दुसऱ्यालाच महत्त्व आहे.

असे वाद फक्त जयपूरचे नाहीत. मुंबईत आरे वसाहतीतली दोन हजारांहून अधिक झाडे ऑक्टोबर २०१९ मध्ये रातोरात कापली गेली, तेव्हाही ‘हे वन नाही’ हाच बचाव होता. हैदराबादेत विद्यापीठालगतच्या कांचा गच्चीबावलीच्या चारशे एकरांवर यंत्रे चालली, तेव्हा एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काम थांबवले. नाशिकच्या तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी झाडे तोडण्याला २०२५ च्या अखेरीस विरोध झाला, तेव्हा त्याच जागेवरच्या प्रदर्शन केंद्राच्या प्रस्तावाने तो अधिक भडकला. साधूंसाठी जागा हवी हे नाशिककरांना पटत होते; त्या निमित्ताने कायमचे प्रदर्शनगृह कशासाठी, हे पटत नव्हते.

प्रकल्पाच्या बाजूने जे बोलले जाते त्यातही तथ्य आहे. जयपूरला विमानसेवा आहे, हॉटेले आहेत, लग्नसमारंभांचा आणि परिषदांचा धंदा वाढतो आहे. सीतापुऱ्याचे केंद्र मोठ्या राजकीय परिषदेच्या वेळी अपुरे पडते आणि विमानतळापासून बी-टू बायपास अधिक जवळ आहे. मंडपवाले, खानावळी, टॅक्सीचालक, ध्वनिव्यवस्थेचे लोक यांना अशा कार्यक्रमांतून काम मिळते. कापडावर छपाई करणाऱ्या सांगानेरच्या छीपा कारागिराला वर्षातून दोनदा मोठे गिऱ्हाईक मिळाले तर ते त्याला नकोच असेल असे कोणी म्हणणार नाही.

पण या धंद्याचा जगभरचा अनुभव सावध करणारा आहे. अमेरिकेत हेवूड सँडर्स या अभ्यासकाने २०१४ च्या ग्रंथात दाखवले, की एकामागून एक शहरांनी संमेलन केंद्रे बांधली आणि वाढवली, सल्लागारांनी दर वेळी पाहुण्यांचे मोठे आकडे दिले, आणि प्रत्यक्षात तेवढे पाहुणे आले नाहीत. केंद्रे वाढली त्या वेगाने परिषदा वाढल्या नाहीत, म्हणून शहरे एकमेकांचे कार्यक्रम सवलती देऊन पळवू लागली. भारतात आता दिल्लीत भारत मंडपम् आणि द्वारकेचे यशोभूमी, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातले जिओ वर्ल्ड सेंटर आणि गोरेगावचे नेस्को अशी मोठी केंद्रे आहेत. जयपूर दिल्लीपासून रस्त्याने काही तासांवर आहे. दिल्लीशी स्पर्धा करायची की दिल्लीला जे जमत नाही ते करायचे, हा निर्णय इमारतीच्या आकारावरून होत नसतो.

शेजारच्या वस्त्यांवरचा परिणाम मोजायचा तर तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली वाहतूक. टोंक रोड ही दक्षिण जयपूरची धमनी आहे. विमानतळ, सांगानेर, प्रतापनगर आणि सीतापुरा यांचा भार तिच्यावरच आहे. मेट्रोचा दुसरा टप्पा याच मार्गाने सीतापुऱ्याकडे नेण्याची योजना आहे, पण ती धावेपर्यंत मनोऱ्यांतली वाहने रस्त्यावरच येणार. परिषदेच्या दिवशी अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठी रस्ते बंद होतात, तेव्हा दुर्गापुऱ्याच्या शाळा आणि दवाखाने अडकतात. डिग्गी पॅलेसला जे वर्षातून पाच दिवस घडत होते, ते इथे बारमाही होऊ शकते.

दुसरी गोष्ट पाणी, आणि ती अधिक गंभीर आहे. जयपूरची तहान एके काळी रामगढच्या धरणाने भागवली. १९८२ च्या आशियाई खेळांतल्या नौकानयनाच्या स्पर्धा त्या जलाशयात झाल्या होत्या. पाणलोटात अडथळे उभे राहत गेले आणि धरण कोरडे पडले. २००९ पासून शहर टोंक जिल्ह्यातल्या बीसलपूर धरणाच्या पाण्यावर जगते. भूजलाचा उपसा मर्यादेपलीकडे गेला आहे. उलट पाऊस जोराचा झाला की दक्षिणेच्या वसाहती बुडतात: जुलै १९८१ चा पूर जुन्या लोकांच्या आठवणीत आहे, ऑगस्ट २०१२ आणि ऑगस्ट २०२० मध्ये तसेच झाले. अमानीशाह नाल्याला द्रव्यवती नदीचे रूप देण्यासाठी सरकारने दीड हजार कोटींहून अधिक खर्च केला. त्या नदीच्या खोऱ्यात पाणी मुरवणारा शंभर एकरांचा कच्चा तुकडा फुकट उपलब्ध होता. तो फरशीखाली गेला की त्याचे काम गटारांना करावे लागेल आणि त्याचा खर्च मंडपम्‌च्या हिशोबात येणार नाही.

तिसरी गोष्ट जमिनीचे भाव. प्रकल्पाच्या घोषणेनेच आसपासचे भाव चढतात. घरमालकाला ते गोड वाटते; भाडेकरू, किराणावाला आणि सोसायटीच्या अनियमित पट्ट्यावर राहणारा यांना ते सोसवत नाही. सी-स्कीममध्ये हे आधी होऊन गेले आहे. तिथल्या बंगल्यांच्या जागी शोरूम आणि कार्यालये आली.

एका पर्यायाची चर्चा फारशी झाली नाही. सीतापुऱ्याचे जेईसीसी वाढवता येईल. तिथे जमीन औद्योगिक आहे आणि ती वापरातही आहे, हॉटेल आहे, दालने आहेत, मेट्रोची रेषा तिकडेच जाणार आहे. तो मार्ग आकर्षक नाही, कारण त्यात विकायला नवे मनोरे निघत नाहीत आणि उद्घाटनाला नवे नाव मिळत नाही. हस्तकलेसाठी तर शिल्पग्रामसारखी उघडी आवारे पुरतात, हे तिथल्या वर्षानुवर्षांच्या मेळ्यांनी दाखवले आहे. कारागिराच्या नावाने मॉल बांधायचा आणि त्यातली दुकाने त्याला परवडू नयेत, हे आपल्याकडे नवीन नाही.

मंडपम्‌ला सरसकट विरोध करणे किंवा डोळे मिटून पाठिंबा देणे, दोन्ही घाईचे आहे. सरकारने मात्र झाडांना हात लावण्याआधी काही साधे आकडे लोकांसमोर ठेवायला हवेत: सीतापुऱ्याचे केंद्र वर्षातले किती दिवस खरोखर भरलेले असते, विकल्या जाणाऱ्या इमारतींखालची जमीन बाजारभावाने केवढ्याची आहे, आणि हजारो नव्या नळांना पाणी कुठून येणार आहे. १९७९ मध्ये उद्योगासाठी घेतलेल्या त्या जमिनीवर २०१३ च्या निकालापर्यंत रत्नवसाहत उभी राहिली नव्हती. आणखी एक योजना लादण्यापूर्वी जयपूरच्या नागरिकांना हा हिशोब मागण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि त्यांनी तो मागावा.